दुपारी तीनचा हँग

मे महिन्यातली दुपार. खिडकीतला कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलाय आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही. भाचा व्हिडिओ एडिट करत बसलेला. तेवढ्यात माउसचा बाण जागच्या जागी थिजला, स्पीकरमधून ‘टर्रर्र’ असा एकच सूर लागून राहिला आणि पडद्यावरचं घड्याळ ३:०७ वर थांबलं. पॉवरचं बटण दाबून धरण्यापलीकडे हातात काही उरलं नाही. तासाभराचं काम गेलं. ‘मामा, पुन्हा झाला हँग,’ एवढंच तो म्हणाला, कारण त्या आठवड्यातली ती पाचवी खेप होती.

हा पीसी आम्ही दोघांनी घरीच जुळवलेला. दिवाळीच्या सुट्टीत बर्डीच्या बाजारात चकरा मारून मदरबोर्ड, प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, कॅबिनेट असं एकेक आणलं आणि दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बसून एका रविवारी उभं केलं. होळीपर्यंत त्यानं हूं की चूं केलं नाही. चैत्र लागला तसा तो आठवड्यातून एकदा अडायला लागला, मग दिवसाआड, मग रोज. दोनदा दुकानात नेऊन दाखवला. दोन्ही वेळा दोन-दोन दिवस चालवून त्यांनी परत दिला. ‘काहीच प्रॉब्लेम नाही भाऊ, मक्खन चालतोय.’ दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे तो खरोखरच नीट चालत होता. त्याच्या दुकानात एसी होता, ही गोष्ट मात्र आमच्या डोक्यात यायला आणखी तीन आठवडे लागले.

हँग होणं म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवं, कारण सगळे हँग एकसारखे नसतात. एखादाच प्रोग्राम अडला आणि बाण अजून फिरत असेल तर तो बहुतेक त्या प्रोग्रामचा दोष. पडदा गोठला पण गाणं पुढे चालू राहिलं, तर संशय ग्राफिक्सवर जातो. काही कळायच्या आत मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर आधी वीजपुरवठ्याकडे बघावं. आणि सगळंच एकदम थिजलं, आवाजसुद्धा, तर खोल कुठेतरी प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्ड यांच्यातलं बोलणंच बंद पडलेलं असतं. यातला फरक ओळखायला एक साधी खूण आहे: कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबून बघावं. बहुतेक कीबोर्डांवर तो दिवा परस्पर लागत नाही. बटण दाबल्याची खबर ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि ती परत दिवा लावायचा हुकूम देते. दिवा लागला म्हणजे आत कुणीतरी अजून जागं आहे. आमचा दिवा लागत नव्हता.

त्या ‘टर्रर्र’ सुराचं कारणही सांगण्यासारखं आहे. आवाजाची चिप मेमरीतल्या एका छोट्या गोल पट्ट्यावरून आवाज वाचत असते, आणि प्रोसेसर तिच्या पुढे पुढे धावत त्या पट्ट्यावर नवा आवाज लिहीत असतो. प्रोसेसर थांबला की लिहिणारा हात थांबतो, पण वाचणारा वाचतच राहतो. तोच सेकंदाचा बारीकसा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि कानाला एकसुरी घरघर ऐकू येते. म्हणजे त्या क्षणी मशीनला वीज मिळत असते, काही भाग चालूही असतात, फक्त लिहिणारा गेलेला असतो.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अशा प्रत्येक प्रसंगानंतर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडते. ती पाहून पुष्कळ जण लगेच नवा एसएमपीएस घेऊन येतात, कारण नावात पॉवर आहे. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती लिहिली जाते ती पुढच्या वेळी मशीन सुरू होताना. मरणाची नोंद आहे, कारणाचा रकाना कोरा.

म्हणून आम्ही दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, काय चाललं होतं, कूलर चालू की बंद, लाइट इन्व्हर्टरवर होती का, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं अवजार ती वही होती. ‘कधीही होतो, काही नेम नाही’ असं आम्ही दोघं ठामपणे सांगत होतो. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा एकोणीसपैकी सतरा हँग दुपारी एक ते सहा या वेळातले निघाले. रात्री अकरानंतरचा एकही नाही. खोली ३८ अंशांच्या खाली असताना एकही नाही. नेम होता, आम्ही तो लिहून काढला नव्हता.

वही दुसऱ्या कुणाच्या घरी वेगळं काही सांगेल. काही मशीन काम करताना ठणठणीत असतात आणि रिकामी बसली की थिजतात. ऐकायला उलटं वाटतं, पण आजचा प्रोसेसर रिकामा बसला की वीज वाचवण्यासाठी गाढ झोपेत जातो आणि त्याचा करंट अगदी नाममात्र होतो. २०१३ मध्ये इंटेलची हॅसवेल पिढी आली तेव्हा इतका कमी करंट काही जुन्या एसएमपीएसना सांभाळता येईल की नाही, हा प्रश्न उभा राहिला होता. २०१७ मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांवर लिनक्स वापरणाऱ्यांना असाच रिकामपणीचा हँग छळत होता. त्यावर बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, रिकामपणीचा करंट नेहमीसारखा ठेवण्याची सोय नंतर आली. आणि इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचं प्रकरण तर त्यानंतरचं. चुकीच्या, जास्त व्होल्टेजच्या मागणीमुळे ते हळूहळू झिजत होते. २०२४च्या ऑगस्टपासून इंटेलनं त्यासाठी बायॉसमधून येणाऱ्या मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो प्रोसेसर असेल तर बाकी काही उघडण्याआधी बायॉस अद्ययावत करावा. आमचा त्यातला नव्हता.

वहीनं उन्हाकडे बोट दाखवलं तसा पहिला संशय अर्थातच प्रोसेसरच्या उष्णतेवर गेला. नागपुरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमानच ४२-४३ अंशांच्या घरात असतं आणि महिनाअखेरीस नवतपा लागला की पारा ४५ ओलांडतो. पंखा लावला म्हणजे प्रोसेसर गार होतो असं आपण म्हणतो, पण पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही. ठरावीक कामाला प्रोसेसर हवेपेक्षा समजा ४० अंशांनी वर राहतो. डिसेंबरातल्या २२ अंशांच्या खोलीत तो ६२ वर असेल, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत ८२ वर जाणार. मशीन तेच, काम तेच, आणि वीस अंश नागपूरनं घातलेले.

कॅबिनेट उघडलं. पुढच्या जाळीवर करड्या धुळीची गादी बसलेली. ती ब्रशनं झाडली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. तापमान सात अंशांनी उतरलं. हँग मात्र तसाच राहिला, आणि विचार केला तर तो राहणारच होता. आजचे प्रोसेसर स्वतःला जपतात. ९५-१०० अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच कमी करतात, त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतात. तापलेला प्रोसेसर आधी हळू होतो. सगळं काही जोरात चालू असताना एका क्षणात पुतळा होणं हा सहसा त्याचा स्वभाव नव्हे.

मग विजेकडे वळलो. आमचं घर जुनं, आणि एक गोष्ट मला कित्येक महिने खटकत होती: अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला पालथा हात घासला की बारीक झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर दिवा मिणमिणायचा. याचं कारण एसएमपीएसच्या आतच असतं. विजेतला खरखराट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो आणि त्यातून आलेला गाळ अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. सॉकेटच्या तिसऱ्या, जाड भोकामागे तारच नसेल, किंवा असून ती कुठे पोचतच नसेल, तर पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण ती घराची अर्थिंग मेल्याची खबर असते. त्याच बोर्डवर पाण्यानं भरलेला लोखंडी कूलरही चालत असतो. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात येते. पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर कॉम्प्युटरचं राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

वायरमननं मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवला. खाली तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, ही जुनी पद्धत. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल असली तरच माती वीज पोटात घेते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. खड्डा ठणठणीत कोरडा होता आणि वरचा तारेचा नट गंजून सुटला होता. नवा नट, नवं मीठ-कोळसा आणि दोन बादल्या पाणी. झिणझिण्या त्याच संध्याकाळी गेल्या.

इन्व्हर्टरही तपासला. लाइट गेल्यावर तो भार उचलेपर्यंत जी फट पडते तेवढा वेळ एसएमपीएसला आपल्या पोटातल्या साठ्यावर काढावा लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनसुद्धा पुरतं नाही. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो. तो यूपीएसच्या बाजूला ठेवला तर बदल झटकन होतो, नाहीतर वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. आमचा खटका चुकीच्या बाजूला होता. तो सरकवला. लाइट गेल्यावर होणारे रीस्टार्ट थांबले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी २:४० ला पीसी पुन्हा थिजला.

खरं सांगतो, त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची हा नियम आम्ही पाळला होता, म्हणून निदान धूळ, पेस्ट, अर्थिंग आणि इन्व्हर्टर या चार नावांवर पक्की फुली मारता आली. उरली रॅम.

रॅमवरचा आपल्याकडचा पारंपरिक उपाय सर्वांना ठाऊक आहे: पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं, फुंकर मारून परत बसवायची. गंमत म्हणजे पुष्कळदा त्यानं काम होतं. पण त्यातलं श्रेय रबरापेक्षा काढून घट्ट बसवण्याला जास्त आहे. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबरातली खर तो दर वेळी थोडा खरवडते. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन पुसलं तर तेच काम इजा न करता होतं, आणि फुंकर मारूच नये, तिच्यात थुंकीचे कण असतात. आम्ही तसं पुसलं, पट्ट्या ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवल्या. फरक पडला नाही. मग रॅम आत काय करते हेच समजून घेतलं, आणि तिथे उत्तराचं टोक हाती आलं.

उन्हाळ्यात नागपूरच्या चौकाचौकांत पाणपोया लागतात. ओळीनं माठ मांडलेले, लाल कापड गुंडाळलेले. माठ पाझरतो, म्हणूनच तर पाणी गार राहतं. पण पाझरतो म्हणजे तो आपोआप रिकामाही होत जातो, आणि पाणपोईवरच्या माणसाला फिरून फिरून तो भरावा लागतो. रॅममधला प्रत्येक बिट असाच एक माठ आहे. अतिसूक्ष्म कपॅसिटर: भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,९०० कोटी माठ असतात आणि सगळेच्या सगळे गळके. म्हणून मेमरीचा कारभारी दर ६४ मिलिसेकंदांत एकदा प्रत्येक ओळीपाशी जातो, माठ भरलेला होता की रिकामा ते बघतो आणि भरलेला असेल तर काठोकाठ करतो. याला रिफ्रेश म्हणतात. उष्णता वाढली की गळती वाढते, साधारण दर दहा अंशांमागे दुपटीच्या आसपास. चिप ८५ अंशांपुढे गेली तर फेऱ्या दुप्पट करून ३२ मिलिसेकंदांत एक असा प्रमाण नियमच आहे.

आता कुणी म्हणेल, आमची रॅम ८५ च्या जवळपासही नव्हती, दुपारी फार तर ५८. बरोबर. पण ८५ अंशांचं ते वचन ठरलेल्या वेगाला लागू आहे. डीडीआर४ रॅमचा प्रमाण वेग जास्तीत जास्त ३२०० पर्यंत आणि व्होल्टेज १.२. आमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३६०० छापलं होतं. हा वेग मिळवायला बायॉसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. ते व्होल्टेज १.३५ वर नेतं आणि प्रत्येक कामासाठी दिलेली मुदत कमी करतं. म्हणजे कारखान्यानं छापलेला असला तरी तो प्रमाणाबाहेरचा वेग असतो, सेकंदाला ३६० कोटी अदलाबदली. थंडीत आमच्या पट्ट्यांना ते जमत होतं, कारण माठ कमी गळत होते आणि कारभाऱ्याच्या पदरी थोडी उसंत होती. चैत्र-वैशाखात ती उसंत संपली. कोट्यवधी माठांपैकी एखाद्यात ‘भरलेला की रिकामा’ याचा निवाडा चुकला, आणि तो नेमका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्मावरचा असला की सगळं जागीच थांबलं.

एका बिटाची चूक मशीनला आडवं करू शकते, हे दुखणं जुनं आहे. बेल लॅब्समधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेच्या संगणकावर गणितं लावून जायचे. राखायला कुणी नसताना चूक सापडली की ते यंत्र काम अर्धवट टाकून पुढचं घ्यायचं, आणि सोमवारी हातात काहीच नसायचं. त्या वैतागातून त्यांनी चूक नुसती ओळखणारे नव्हे तर ती जागेवर सुधारणारे संकेत तयार केले, १९५० मध्ये प्रसिद्ध केले. सर्व्हरमधली ईसीसी रॅम आजही त्याच विचारावर चालते, दर ६४ बिटांमागे ८ बिट पहाऱ्याचे. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशमात्र भेसळीतून निघणारे अल्फा कणही मेमरीतला बिट उलटवतात. २००९ मध्ये गुगलच्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास छापून आला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनांत निदान एक तरी सुधारलेली मेमरीची चूक सापडली. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला, हेही इथे सांगितलं पाहिजे. मला तो आमच्या अनुभवाच्या विरोधात वाटत नाही. ते सर्व्हर डेटा सेंटरच्या सांभाळलेल्या हवेत चालतात, महालातल्या तापलेल्या स्लॅबखाली वेग वाढवून नव्हे. घरच्या पीसीत मात्र ईसीसी सहसा नसते. चूक होते, आणि ती झाली हे सांगणारंही आत कुणी नसतं.

तपासायला मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम आहे. पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो, मेमरीच्या कानाकोपऱ्यात निरनिराळे नमुने लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. दुकानातही तो चालवला होता. आम्हीही पहिल्यांदा रात्री लावून झोपलो, सकाळी पडद्यावर चार फेऱ्या आणि शून्य चुका. मग वही आठवली. जो दोष दुपारचा आहे त्याला रात्री शोधून काय सापडणार? दुसऱ्या दिवशी दुपारी एकला कूलर बंद ठेवला, खिडकी उघडी टाकली, खोली ४२ वर जाऊ दिली आणि चाचणी लावली. आम्ही दोघं ओला पंचा डोक्यावर घेऊन समोर बसलो. पाऊण तास पडदा स्वच्छ होता. १:५२ ला पहिली लाल ओळ आली. अडीचपर्यंत अकरा झाल्या.

एक पट्टी काढून दुसरी, मग स्लॉट बदलून, असं तीन दुपारी चाललं. चुका एकाच पट्टीच्या मागे फिरत होत्या, स्लॉट कुठलाही असो. वॉरंटीत बदलून मागायचं ठरवलं, पण तोवर काम अडायला नको म्हणून बायॉसमध्ये जाऊन वेग ३६०० वरून ३२०० केला. व्हिडिओ एडिटिंगला काही मिनिटांचा फरक पडला असेल, भाच्याला तो जाणवला नाही. कॅबिनेट खिडकीच्या बाजूनं काढून आतल्या भिंतीला लावलं, कारण कूलरच्या थेट झोतात बोअरच्या पाण्याचे तुषार येत होते आणि मागच्या जाळीवर क्षारांचा पांढुरका थर धरायला लागला होता.

पुढच्या दुपारी पुन्हा तीच चाचणी, कूलर बंद, खिडकी उघडी. वहीत भाच्याच्या अक्षरात नोंद आहे: खोली ४३, वेळ १ ते ६, फेऱ्या ४, चुका ०. खाली त्यानं एक रेघ मारलीय आणि दुसऱ्या पेननं लिहिलंय, नवतप्यात परत लावायची.